कागदावर तुझं नाव

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

ताई,

शिक्का कागदावर दाबून धरलाय, एक, दोन, तीन, आणि आता उचलला. शाई जास्त झाली, उजव्या कोपऱ्यात निळं फुटलंय. पण वाचता येईल. चार ओळी आहेत. तिसरी वाच: एक गोळी, दिवसातून तीन वेळा, पंधरा दिवस. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी जाताना जे कार्ड मिळालं, त्यावरही हाच होता.

नमस्कार करतो. आशीर्वाद द्यायचा की नाही ते तू ठरव. भाऊबीजेला याही वर्षी आली नाहीस, हे तिसरं वर्ष. तुझं करमाड इथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि मी तुला टपालानं पाठवावं तसं पत्र लिहितोय.

गेल्या गुरुवारपासून नातीला, सावनीला, शाळेच्या व्हॅनमधून तू उतरवून घेत नाहीस, शेजारच्या भागूबाई घेतात, हे मला कळलंय. तू दुखण्यावरच्या त्या गोळ्या परत सुरू केल्यास असं चिन्मय आणि चारुता म्हणतात, तेही कळलंय. तू नाही म्हणालीस आणि लेकासुनेचा विश्वास बसला नाही. हे पत्र त्यासाठी आहे. सरळ तिथंच यायला हवं, पण मला जरा वेळ लागेल.

माझं तुझ्या कानावर आलं असेल. चौदा ऑक्टोबरला गच्चीवरच्या टाकीची शिडी उतरताना शेवटची पायरी चुकली. उजवा घोटा. सुदर्शननं पट्टी आणि सात स्क्रू घालून बसवला. तो माझ्या हाताखाली शिकला, आता माझ्यापेक्षा हळू आणि चांगलं करतो. तुझी वहिनी पुण्याला आहे, लेकीच्या बाळंतपणाला. तिला मीच आग्रहानं पाठवलं. दिवसभर साहेबराव असतो, आमच्या हॉस्पिटलचा ड्रायव्हर, तू त्याला पाहिलंयस. तो चहा करतो, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो आणि मधेच थांबून म्हणतो, "साहेब, तुम्ही लई झोपायले आजकाल."

ती झोप नसते.

दुपारी एकच्या सुमारास सुरू होतं. दौलताबाद रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायला लागतो. पंखा श्वास घेतो. पाय उशीवर असतो, पण तो कोणाचा तरी असतो, मला सांभाळायला दिलेला. दुखणं जात नाही. ते दाराबाहेर उभं असतं, आत बोलवायची वाट बघत, आणि मी बोलवत नाही. भिंतीवर उन्हाचा एक तुकडा असतो. तो कपाटावरून सरकत पलंगाच्या पायाशी येतो तेव्हा चार वाजलेले असतात, आणि मधले तीन तास कुठंच सापडत नाहीत. एकदा त्या उन्हात आई रेडिओची काच पुसत होती. एकदा अण्णा कोर्टातून आल्यासारखे काळ्या कोटात उभे होते आणि कोट ओला नसून निथळत होता. एकदा तू होतीस, फ्रॉकमध्ये. माझी पाटी ओल्या फडक्यानं पुसून परत देत होतीस.

फार बरं वाटतं, ताई. कसं ते तुला सांगायला नको. तूच एकदा फोनवर म्हणाली होतीस, "अंगावर कोणीतरी गरम दुलई टाकतं रे, आणि मग ओढून नेतं." मी तेव्हा दोन ऑपरेशनच्या मधे होतो. हातमोजे काढत होतो. म्हणालो, "हो, हो, चालू ठेव."

सायली नावाची एक मुलगी आहे आमच्याकडं, भूल देण्याचं शिकते. सप्टेंबरात, म्हणजे माझा पाय मोडायच्या आधी, ती तिच्या प्रबंधासाठी आम्हा सहा सर्जनांकडं एक कागद घेऊन आली. प्रश्न दोनच होते. ऑपरेशननंतर घरी जाताना पेशंटला अफूच्या जातीच्या गोळ्या किती दिवसांच्या देता? इतर सर्जनांपेक्षा जास्त देता, तेवढ्याच देता, की कमी? मी पहिल्यापुढं पाच लिहिलं. दुसऱ्यापुढं कमी. चहा पिता पिता लिहिलं. खोटं लिहितोय असं जरासुद्धा वाटलं नाही. देवापुढं उभं करून विचारलं असतं तरी पाचच सांगितलं असतं.

आठवड्यानं ती परत आली. दुपारची जेवणं चालली होती, सगळेच होतो.

"सर, सहाच्या सहा जणांनी 'कमी' लिहिलंय," ती म्हणाली. "मग जास्त देतंय कोण?"

"जालन्याचे," कोणीतरी म्हणालं. आम्ही हसलो.

"आणि सेलूकर सर, तुमचे पाच दिवस..." तिनं एक डिस्चार्ज कार्ड माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "शिक्क्यावर पंधरा आहेत."

मी म्हणालो, शिक्का जुना आहे, मी तोंडी सांगतो की पाचच दिवस घ्या.

"कोणाला सांगितलं होतं सर, शेवटचं?"

मला एकाही पेशंटचं नाव आठवेना.

तिनं पेशंटांना ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात फोनही केले होते. गोळ्या उरल्या का, उरल्या तर कुठं आहेत. बहुतेकांच्या निम्म्याहून जास्त उरल्या होत्या. फ्रिजवर, देवघराच्या खणात, बाईच्या पर्समध्ये. तुमच्या करमाडजवळच्या सांडू म्हणून एकाचं बोलणं तिनं रेकॉर्ड केलेलं ऐकवलं. "मला तर म्याडम दोन दिसांत बरं वाटलं. बाकीच्या आमच्या म्हातारीला देल्या, कंबरेला. लई गुण आला तिला. आता रोज म्हणती, आजून आण. डागदर देतेल का?" पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. मला तू आठवलीस, आणि मी ताक संपवलं.

शिक्क्याचं तुला कधी सांगितलं नाही. २००१ साल असेल. सोयगावकडची चतुराबाई म्हणून एक बाई, मांडीचं हाड जोडलेलं, कुबड्या घेऊन दोन एसट्या बदलून आली. मला वाटलं टाका उसवला. ती म्हणाली, "गोळ्या सरल्या." मी पाच दिवसांच्या दिल्या होत्या. शंभर किलोमीटर, नुसत्या गोळ्यांसाठी. ओठाच्या वर घाम होता तिच्या. मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शहागंजात जाऊन हा शिक्का करून घेतला. पंधरा दिवस, म्हणजे कोणाला असं यायला लागू नये. मग चतुराबाईसाठी केलेला शिक्का सगळ्यांना लागला. मनगटाला, बोटाला, गुडघ्याला. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्यालासुद्धा. चोवीस वर्षांत दोनदा रबर बदललं, दोन्ही वेळा जुन्याचा ठसा दाखवून म्हणालो, असाच करा. मारताना तो कोणी वाचत नाही. आणि माझ्या मनात मी पाच दिवसांच्या गोळ्या देणारा डॉक्टरच राहिलो.

आता तुझ्या गुडघ्याकडं येतो.

जानेवारी २०२३. बहिणीला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नाही म्हणून मीच केलं. पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या तेव्हा तू फोन केलास. पाय ओढतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो, झोप नाही. मी व्हॉट्सअॅपवर नवीन कागदाचा फोटो पाठवला. काल मी आपलं बोलणं बोटानं वर सरकवत अगदी पहिल्यापर्यंत वाचलं. नऊ वेळा, ताई. नऊ कागद, प्रत्येकावर माझी सही, खाली 'चालू ठेव'. मे महिन्यात तू लिहिलंयस, "विशू, ह्या किती दिवस घ्यायच्या असतात?" त्यावर माझा नुसता अंगठा आहे.

परवापर्यंत कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ताईला एकदा लिहून दिल्या, फार तर दोनदा.

मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली ती दुपार. तू सोफ्यावर होतीस आणि तीन वर्षांची सावनी दार ढकलून जालना रस्त्याकडं चालत गेली. भागूबाईंनी उचललं म्हणून. दोन दिवसांनी तुम्ही सगळे माझ्याकडं आलात. चिन्मयनं विचारलं, "मामा, आईला ही सवय लागली कशी?"

मी म्हणालो, "आम्ही देतो त्या चार-पाच दिवसांच्या. काही माणसांचा स्वभावच तसा असतो."

तू समोर बसली होतीस. फोन तुझ्या मांडीवर होता आणि नऊही कागद त्यात होते. तो उघडून लेकाच्या हातात दिला असतास तर तिथंच संपलं असतं. दिला नाहीस. निघताना, चारुता खाली गेल्यावर, मला एवढंच म्हणालीस, "मी दाखवणार नाही. तू लिहून दे. लोकांना देतोस तसं." मी म्हणालो, बघू.

याला दोन वर्षं आणि दोन महिने झाले.

सवय तू एकटीनं सोडवलीस. भाजीच्या सुरीनं गोळीचे आधी दोन, मग चार तुकडे करत, चार महिने. हे तू वहिनीला सांगितलंस, मला नाही. वहिनीनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, पद्धत बरोबर आहे. एवढंच म्हणालो.

आज माझा बेचाळिसावा दिवस आहे.

घरी निघालो तेव्हा सिस्टरनं कार्ड पुढं केलं आणि हसून म्हणाली, "सर, तुमचाच शिक्का." त्या पंधरा दिवसांच्या गोळ्या ऑक्टोबर संपता संपता संपल्या. मग हॉस्पिटलच्या कपाटातल्या गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या साहेबराव घेऊन आला. मीच मागवल्या, पेशंटसाठी हव्यात म्हणून. हाड उत्तम जुळतंय. दुखतं, पण चार गोळ्यांएवढं दुखत नाही. गोळी चुकली की पाय ओढतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो. मला हे शब्द पाठ होते, तू लिहिलेले.

एकोणीस तारखेला, बुधवारी, पट्ट्या संपल्या.

स्वतःसाठी स्वतः लिहून घेणं बरं दिसत नाही. वहिनीच्या नावानं लिहिलं असतं तर तिनं विचारलं असतं. पेन हातात होतं आणि हाताला तुझं नाव सवयीचं होतं. दमयंती, वय एकसष्ट, गुडघ्याची शस्त्रक्रिया. एक गोळी, चार वेळा. सही केली. साहेबरावला शहागंजातल्या दुकानात पाठवलं.

त्या दुकानातूनच तुझ्या ऑपरेशनच्या वेळी चिन्मयनं औषधं नेली होती. त्यांच्या कॉम्प्युटरात तुझ्या नावापुढं त्याचा नंबर आहे. बिल झालं की त्या नंबरवर मेसेज जातो. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर दुसरं नाव घातलं असतं, म्हणजे त्यात माझी काही सुटका नाही.

गुरुवारी चारुतानं वहिनीला पुण्याला फोन केला. वहिनीनं मला. "अहो, दमूताईंनी परत सुरू केलं म्हणे. विचारलं तर नाही म्हणतात. खोली शोधली, काही सापडलं नाही. तुम्ही बोला ना त्यांच्याशी, तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "बघतो."

दुपारचा एक वाजत आला होता. मी गोळी घेतली. ऊन कपाटावर होतं. ते सरकायला लागलं आणि सगळं सैल झालं. त्या उन्हात मला सगळ्यांनी माफ केलेलं असतं, ताई. तूसुद्धा. तू येऊन पलंगाच्या कडेला बसतेस, माझ्या पायावरची चादर नीट करतेस, सावनी तुझ्या मागं कुठंतरी गाणं म्हणत असते. काही सांगायचं राहिलेलं नसतं. माफी मिळालेल्या माणसाला पत्र कशाला लिहावंसं वाटेल? असे पाच दिवस गेले. तू तिकडं एका खोलीत बसून नाही, नाही म्हणत होतीस आणि मी इकडं रोज एक वाजता तुझ्याकडून माफी घेत होतो.

आज अकरा वाजता सुदर्शन एक्स-रे बघायला आला. उजेडाकडं धरून म्हणाला, "छान आहे सर. गोळ्या कधी थांबवल्या?"

मी खिडकीकडं बघत होतो.

"किती चालू आहेत?"

"चार."

"आठवड्याला?"

"दिवसाला."

तो स्टूल ओढून बसला. "तुम्हीच शिकवलंय सर, पेशंट दारूचं सांगेल त्याच्या दुप्पट धरायचं. आठ धरू?"

"चारच. एखाद्या दिवशी पाच."

"लिहून कोण देतं?"

"मी."

"कोणाच्या नावानं?"

मी सांगितलं. त्यानं उठून पट्ट्या मागितल्या. उशीखालची दिली. "अजून," तो म्हणाला. पुस्तकांमागची दिली. दोन्ही स्वतःच्या बॅगेत टाकल्या आणि आजच्या दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. पुढच्या तो रोज सकाळी स्वतः आणून देणार आहे. आठवड्या-आठवड्यानं कमी करत नेणार. दारात वळून म्हणाला, "ताईंना कोण सांगणार?"

"मी."

"कधी, सर?"

आज एकची गोळी घेतली नाही. म्हणून अक्षर असं आहे. ऊन पलंगाच्या पायाशी आलंय आणि आज ते नुसतं ऊन आहे. मधले तीन तास सगळे होते, एकूण एक. नाक गळतंय. साहेबराव दोनदा येऊन विचारून गेला, साहेब, थंडी वाजायली का.

आता तू मागितलंस ते. चिन्मयला आणि चारुताला वाचायला सोपं जावं म्हणून वेगळं लिहितो.

दमयंती यांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉलच्या गोळ्या मी दिल्या. आधी पंधरा दिवसांच्या, जेवढ्या लागत नव्हत्या तेवढ्या, आणि नंतर नऊ वेळा, न तपासता, फोनवर. किती दिवस घ्यायच्या असं त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्यांना सवय लागली ती माझ्या लिहिण्यानं. त्यांच्या स्वभावाचा त्यात काही संबंध नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मी चिन्मयला जे सांगितलं ते खोटं होतं. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांच्या नावानं घेतलेल्या गोळ्या त्यांच्यासाठी नव्हत्या आणि त्यांना त्याची माहिती नव्हती. त्या मी स्वतःसाठी घेतल्या आणि मीच खाल्ल्या.

हॉस्पिटलला सुदर्शन कळवणार आहे, मीच त्याला सांगितलं. गोळ्या पूर्ण सुटेपर्यंत मी ऑपरेशन करणार नाही आणि कुठल्या कागदावर सही करणार नाही, ही सोडून. पुढं काय करायचं ते ते लोक ठरवतील. नऊ फोटो तू मला न विचारता कोणालाही दाखव.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं. ते खोडलं. माफी मी पाच दिवस फुकट घेतली आहे.

लोकांना देतो तसं, तारखेनिशी आणि सहीनिशी लिहून दिलं आहे.

डॉ. विश्वजित व्यंकटराव सेलूकर
अस्थिशल्यचिकित्सक
(नोंदणी क्रमांक सहीखाली घातला आहे)

बुधवार, २६ नोव्हेंबर, सकाळ

पावणेआठला चिन्मयला फोन करून हे सगळं सांगितलं. मधे एकदा तो म्हणाला, "मामा, शेवटचं परत सांगा." परत सांगितलं. त्यानं फोन ठेवला. साडेनऊला त्याचा फोन आला. आज व्हॅनवर तू जाणार आहेस. मी सध्या तुमच्याकडं येऊ नये, असं चारुताचं म्हणणं आहे. त्यानं तुला विचारलं, मामाला पत्र पाठवू दे का. तू म्हणालीस म्हणे, "पाठवू दे. वाचायचं का ते माझं मी बघीन." साहेबरावनं गाडी काढली आहे.